खोली करायला घेतली

११ ऑगस्ट

बाबा,

पोचल्याचं पत्र तीन आठवड्यांनी लिहितेय, रागावू नका. इथे आल्या आल्या फोन काढून घेतात आणि हातात वही देतात. पहिले पंधरा दिवस मी त्या वहीवर नुसतं नाव टाकून बसले होते. जेवण ठीक आहे. खोलीत आम्ही दोघी. दुसरी शाळेत शिक्षिका होती, ती अजून झोपेत हजेरी घेते. परवा मी चुकून 'हजर' म्हटलं.

रोज सकाळी दोन तास चित्रांचा वर्ग असतो. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही चित्रबाई म्हणतो. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "स्वतःला काढू नका. स्वतःचा वीट आलाय म्हणूनच तर इथे आलात. जिथे तुम्हाला जाववत नाही तिथे तुमच्याऐवजी जाईल, असं कोणीतरी काढा. मग त्याला राहायला एकेक खोली करा." इथे खोली 'काढायची' म्हणत नाहीत, 'करायची' म्हणतात. जेवताना एकमेकींना विचारतात, आज कुठली खोली केलीस? तुम्हाला ऐकून बरं वाटेल, सगळ्या सुतारच झाल्यात.

माझ्या हातून एक बाई निघाली. बुटकी, गुबगुबीत, गुडघ्याखाली जाणारा कोट, कोटाला नऊ खिसे आणि दोन्ही कानांवर जाडजूड पट्टी बांधलेली. तिचं नाव ढब्बी. तिची पहिली खोली सोबत पाठवतेय. पलंग छताला टांगलाय आणि खिडकी जमिनीत आहे, तिच्यातून खाली ढग दिसतात. हे करताना दोन तास कसे गेले कळलं नाही. एप्रिलमध्ये आई गेली, त्यानंतर डोकं पहिल्यांदाच एवढा वेळ शांत राहिलं.

तुम्ही जेवता ना? खाली वर्कशॉपमध्येच बाकावर आडवे होऊ नका. वर येऊन झोपत जा.

तुमची भिंगरी

१९ ऑगस्ट

भिंगरे,

पत्र मिळालं. चित्रही मिळालं. छान आहे, पण दोन-चार गोष्टी सांगतो.

पलंग तू दोन दोरांवर टांगलास. उलटा होईल. चार लागतील, आणि दोर नको, साखळी घाल. जमिनीतल्या खिडकीला काच किती जाड? ढब्बीबाईंची तब्येत बघता बारा मिलिमीटरच्या खाली जाऊ नकोस. चौकट दोन सूत खाली बसव, नाहीतर येता-जाता ठेच लागेल. कोटाला नऊ खिसे केलेस आणि बटण एक नाही, ते वाऱ्यावर उडणार. आणि कानांना एवढं काय बांधलंस तिच्या? तिकडे थंडी आहे का? स्वेटर पाठवू का?

चित्र करवतीच्या वर भिंतीला लावलंय. एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे डिझाइन किती दिवसांत होईल. मी म्हटलं, आमच्या डिझायनर बाईसाहेब सध्या बाहेरगावी असतात.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. आपल्या घरची पत्रं आईच लिहायची, मी खाली सही ठोकायचो. तेव्हा गोड मानून घे. तू घरात तीन महिने कोणाशी बोलली नाहीस तेव्हाही मला काही सुचलं नव्हतं. मी काय करू ते सांग. सांगितलं की करतो. सांगितल्याशिवाय मला काही समजत नाही.

जेवतो. वर येऊन झोपतो.

बाबा

२ सप्टेंबर

बाबा,

तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. बारा मिलिमीटरवर सगळ्या हसल्या, चित्रबाईंना तर ठसका लागला. मीही हसले आणि मग दचकले, माझं हसणं मलाच ओळखू आलं नाही. चार साखळ्या घातल्यात. ढब्बीला बटणंही लावलीत, पण पोटावरचं लागत नाही.

ढब्बीनं आता बऱ्याच खोल्या पाहिल्या. एका खोलीत कपाट आहे, ते उघडलं की आत काठोकाठ पाणी, पण थेंबभरही बाहेर येत नाही. मधल्या कप्प्यात ती कोटासकट पोहते. एका खोलीत जिना आहे, त्याच्या पायऱ्या कापसाच्या, कितीही चढउतार करा, पाऊल वाजत नाही. एका स्वयंपाकघरात सगळी भांडी कापडाची शिवलेली आहेत. हातातून पडली तरी कोणाला कळणार नाही. ती मला सगळ्यात आवडली.

थंडी नाहीये, स्वेटर नको. ढब्बीला आवाज सोसत नाहीत, एवढंच.

चित्रबाई म्हणतात, खोल्या आधी अधांतरी असतात आणि मग हळूहळू घराकडे सरकायला लागतात. त्यांना अडवायचं नाही. काल कापसाच्या जिन्यात आपल्या जिन्याची सातवी पायरी आपोआप आली, ती करकरणारी. मी ती तशीच राहू दिली.

मी काय करू, असं विचारलंत. काही नका करू. फक्त लिहीत राहा.

भिंगरी

१२ सप्टेंबर

भिंगरे,

'काही नका करू' हे काम माझ्याच्यानं होत नाही. पत्र वाचलं आणि आधी जिन्याकडे गेलो. सातवी पायरी उचकटून पुन्हा बसवली. आता तिच्यावर हत्ती नाचला तरी वाजणार नाही. आपल्या डोक्यात हे आधी कसं आलं नाही, याचंच नवल वाटतं.

पाण्याच्या कपाटाबद्दल एवढंच सांगतो, लाकूड फुगेल. आतून पत्रा मार.

तुझी आत्या येऊन गेली. आईच्या खोलीचं दार लावलेलं बघून म्हणाली, "दादा, हे असं किती दिवस ठेवणार आहेस?" मी तिला खाली नेऊन नवीन कपाटं दाखवली.

तुझ्या पत्राची वाट बघतो. पोस्टमन मला आता लांबूनच मान हलवून नाही म्हणतो.

बाबा

२५ सप्टेंबर

बाबा,

अहो, पायरी कशाला दुरुस्त केलीत! आई त्या पायरीवरून ओळखायची कोण येतंय ते. असू दे. आता झालं ते झालं.

आज महत्त्वाचं लिहायचंय. ज्या खोलीकडे माझ्या सगळ्या खोल्या सरकत होत्या, ती आईची आहे. ढब्बीला तिथे न्यायचं म्हटलं की मी तिला परत पाण्याच्या कपाटात सोडते. पण असं किती दिवस चालवणार? आता आईची खोली करायला घ्यायची, असं ठरवलंय. ती एकदा झाली की मी बरी होईन, असं मला पहिल्यांदाच वाटतंय. इथे बसून ती होणार नाही. घरीच करावी लागेल. डॉक्टरांशी बोलले, तेही हो म्हणाले. वीस ऑक्टोबरला तीन दिवसांची सुट्टी देताहेत.

भीती वाटतेय, पण मला यायचंय. न्यायला याल ना?

भिंगरी

६ ऑक्टोबर

भिंगरे,

खोली झाली.

तीन दिवसांच्या सुट्टीत तू काय काय करणार होतीस? तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी काम हातात घेतलं. बाकीची गिऱ्हाइकं थांबली आहेत, थांबू देत. तुझी सगळी चित्रं ओळीनं मांडली. माप तू एकावरही लिहिलेलं नाहीस, म्हणून ढब्बीची उंची चार फूट धरली आणि त्या हिशेबानं सगळं वाढवलं.

छताला चार हुक, चार साखळ्या. मी स्वतः चढून उड्या मारून बघितल्या. जमीन दोन फूट बाय दीड फूट कापून काच बसवली, पूर्ण बारा मिलिमीटर. ढगांना माझा इलाज नाही, खाली माझं वर्कशॉप दिसतं. ढब्बीला आवाज सोसत नाहीत असं तू लिहिलं होतंस ते लक्षात ठेवलं. चारी भिंतींना जाड गाद्या ठोकल्या आहेत. आता दार लावलं की खालची करवतसुद्धा ऐकू येत नाही.

जुनं सगळं काढलं. आईच्या पलंगाचं लाकूड उत्तम होतं, रंधा मारल्यावर आतून नवंकोरं निघालं. तुझा टांगता पलंग त्याचाच केलाय. खुर्ची आत्याला दिली. गाद्या, औषधांचं टेबल, बाकीचं किडूकमिडूक देऊन टाकलं. तिथे गेल्यावर तुला रडू येईल असं आता काही शिल्लक नाही.

इतकं मन लावून मी कधी काम केलं नव्हतं. वीसला सकाळी गाडी घेऊन येतो. दारातच उभी राहा.

बाबा

१३ ऑक्टोबर

बाबा,

वीसला येऊ नका. मी येत नाहीये.

करायची म्हणजे काढायची, बाबा. कागदावर. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, इथे असं म्हणतात. मला त्या खुर्चीत बसून ती खोली होती तशी काढायची होती. पलंग, औषधांच्या बाटल्या, चादरीची चुणीसुद्धा.

आता सांगूनच टाकते. दोन वर्षं आईच्या उशाशी घंटा होती. पाणी हवं, कूस बदलून हवी, नुसतं कोणी जवळ हवं, की ती वाजवायची. मग मला ती वाजत नसतानाही ऐकू यायला लागली. अंघोळ करताना, भाजी निवडताना. त्या दुपारी मी कानांत कापूस घातला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन झोपले. चुकून नाही, ठरवून घातला. उठले तेव्हा घंटा जमिनीवर पडली होती आणि आई गेली होती. मी तुम्हाला सांगितलं, झोपेत गेली. झोपेत मी होते.

ढब्बीच्या कानांवरच्या पट्टीखाली तोच कापूस आहे. तिला आईच्या पलंगापाशी नेऊन तिचे कान मोकळे करायचे होते. मग मी आईला सांगणार होते, जे सांगायचं ते. आता कोणत्या पलंगापाशी जाऊ?

तुम्ही इतक्या मायेनं सगळं केलंत की मला तुमच्यावर ओरडताही येत नाही. काल वर्गात नुसती बसून होते. ढब्बी निघत नाही. कोट निघतो, खिसे निघतात, आत कोणी नसतं.

भिंगरी

३ नोव्हेंबर

भिंगरे,

तीन आठवडे रोज लिहायला बसतोय. चार ओळी होतात आणि कागद भुशात जातो.

तू सांगितलंस, आता मी सांगतो. त्या दुपारी मी खाली फळ्या कापत होतो. एक फळी संपली, करवत थांबवली, तेव्हा घंटा ऐकली. वाटलं, तू आहेस. थोडा थांबलो. परत वाजली. परत थांबलो. वर तुझ्या पावलांचा आवाज आला नाही. तू जात नाहीयेस हे मला कळलं होतं. मला फक्त जिना चढायचा होता. मी दुसरी फळी घेतली आणि करवत चालू केली.

मला तिला तसं बघवत नव्हतं. हे काही कारण झालं नाही, नुसतं लिहितोय. तुला वाटत होतं की ती हाक फक्त तुझ्यासाठी होती. तसं नव्हतं. घरात दोघं होतो.

आणि दुसरं. 'खोली करायची' हे मला कळलं नाही, असं मी आत्याला सांगितलं. पण पत्र वाचताना एकदा वाटून गेलं होतं, पोर चित्राबद्दल बोलतेय. मी तिथे थांबलो नाही. मला ती खोली मोडायची होती आणि तुझ्या पत्रानं मला परवानगी दिल्यासारखं झालं. गाद्या ठोकल्या त्या ढब्बीसाठी, असं मीच मला सांगत होतो. रोज रंधा मारताना मला बरं वाटत होतं. तुझं पत्र आलं तेव्हाच ते थांबलं.

परत जुळवता येतं का ते बघितलं. पलंगाच्या पट्ट्या चार-चार इंच कापल्या गेल्यात. जोडेन, पण तो पलंग तो होणार नाही. आत्याकडून खुर्ची आणायला गेलो, तर तिनं हौसेनं निळा रंग दिलाय. तसाच परत आलो. तिला काय सांगणार?

मग एकच सुचलं. आई असताना होती तशी खोली मीच काढली. काही बनवायचं नसताना मी कधी कागदावर रेघ मारलेली नाही. पट्टी लावून, काटकोनाला गुण्या लावून काढलीय, सगळी मापं लिहिली आहेत. सोबत पाठवतो. मी तुझ्या चित्रांत चुका काढल्या तशा तू यात काढ. मी पुन्हा काढेन. लागेल तितक्या वेळा काढेन. दुसरं काय करू ते मला कळत नाही.

बाबा

१४ नोव्हेंबर

बाबा,

पाकीट दोन दिवस उघडलं नव्हतं. शेवटी चित्रबाईंनी शेजारी बसून उघडायला लावलं.

चुका सांगते. पलंगाच्या पायथ्याचं कोरीवकाम अगदी बरोबर आहे, एकेक पाकळी मोजून काढलीत. समोरच्या खिडकीचं मापही बरोबर असणार. चादरीच्या टोकाला आईची पावलं काढलीत, तीही तिचीच आहेत, डावं जरा वळलेलं. पण त्यांच्या वर चादर आणि मग कोरा कागद. आई तेवढीच आहे. औषधांचं टेबल नाहीच. घंटा नाही. खुर्ची तुम्ही दाराला टेकवलीय. ती तिथे कधीच नव्हती, पलंगाला चिकटून असायची, मी उठले तरी आई ती सरकवू द्यायची नाही.

चित्रबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "ज्यांनी हे काढलं ते कुठे उभे आहेत?"

तेव्हा मला दिसलं. सगळी खोली दारातून दिसते तशी आहे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा यायचात. दारात उभं राहून 'काय म्हणतेस?' विचारायचात, ती 'काही नाही' म्हणायची, तुम्ही खाली जायचात. दोन वर्षं, बाबा. मी रागावलेली नाही. रागवायला मी कोण? तुम्ही ऐकून वर आला नाहीत, मी ऐकू येऊच दिलं नाही. यातलं कमी वाईट कोणतं ते मी रोज ठरवायला बसते आणि ठरत नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता तुमचंही ओझं वाटतं आणि तुम्ही तिथे त्या गाद्यांच्या घरात एकटे आहात याचंही. डॉक्टर म्हणतात, एवढ्यात घरी जायचं नाही.

एक भिंत तुमच्या चित्रात नाही. जिच्यात दार आहे ती. तुम्हाला ती दिसणारच नव्हती. आईला मात्र तेवढीच दिसायची, तिची मान वळत नव्हती. ती भिंत मी करायला घेतलीय, उशीवरून दिसायची तशी. ढब्बी नाही त्यात, मी एकटीच करतेय. कॅलेंडरचा खिळा झाला, दिव्याचं बटण झालं, दाराची चौकट झाली. चौकटीत तुम्ही उभे आहात, तेवढे करायचे राहिलात. चेहरा जमला, हातातली मोजपट्टी जमली. पाय जमत नाहीत. मी ते खोलीत यायला उचललेले काढते, आणि कागद लांब धरून बघितला की ते जिन्याकडे वळलेले असतात. पुसते आणि परत काढते. आज चौथा दिवस आहे.

भिंगरी